पाटीवरचे सात नियम

आई रिकाम्या डब्यात पोत्यांवर पडली होती आणि पोत्यांतून रक्त खाली रुळावर गळत होतं. डबा इंजिनाला जोडलेला होता. इंजिनात वाफ तयार होती. ड्रायव्हर आपल्या जागेवर होता, पण त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. कारखान्याचा दवाखाना सहा मैलांवर होता, रूळ दिसेल तिथवर मोकळा होता, आणि गाडी उभी होती.

ती सोडायची माझ्या वडिलांनी. ते सोडत नव्हते.

"बिल्ला न्हाय," ते म्हणाले. "बिल्ला आल्याबिगर गाडी न्हाय."

डब्याच्या कडेला म्हातारी उभी होती. ती वडिलांची चुलत आत्या, आणि आमच्या वस्तीची सुईण. तिच्या पदरात माझा भाऊ होता, जेमतेम तासाभराचा. तो सकाळी नीट जन्मला होता. पण मुलामागची वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. म्हातारीनं जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं आणि मग सरळ सांगितलं की हे आता तिच्या हातचं राहिलं नाही. कारखान्याच्या डॉक्टरला हात घालून वार काढता येते हे तिला माहीत होतं. आदल्या वर्षी त्यानं एका पाटकऱ्याच्या बायकोची काढली होती आणि ती बाई आता डोक्यावर शेणाची पाटी घेऊन हिंडत होती. गाडीनं सहा मैलांना अर्धा-पाऊण तास लागे. एवढ्या वेळात पोचलो तर आई जगेल, असं म्हातारी म्हणत होती.

गाडी का सुटत नव्हती हे कळायला कंपनीचं काम कसं चालायचं ते सांगावं लागेल.

कालव्याचं पाणी आलं तेव्हा बारामती आणि इंदापूरच्या मधल्या माळावर कंपनीनं ऊस लावला आणि कारखाना काढला. आमच्याकडच्या माणसांना असं काम ठाऊक नव्हतं. घरच्या रानात एकच माणूस नांगरतो, पाणी धरतो, राखण करतो, आणि चुकलं तर स्वतःलाच शिव्या देतो. कंपनीत एका माणसाला एकच काम. पाणी देणारा पाटकरी तोडणीला हात लावायचा नाही. तोडणारा डबा भरायचा नाही. रानाचे भाग पाडले होते, त्यांना सेक्शन म्हणत. सेक्शनवर ओव्हरसियर, त्याच्याखाली मुकादम, मुकादमाखाली माणसं. तोडलेला ऊस उन्हात पडला की त्यातली साखर उतरते, म्हणून सगळा हिशोब चरकापासून उलटा मांडलेला असे. चरकाला आज किती ऊस लागणार ते कारखान्यात ठरे, त्यावरून कुठल्या सेक्शनला किती डबे ते ठरे, तशी सकाळी चिठ्ठी येई, आणि चिठ्ठीप्रमाणे मुकादम माणसं लावी. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की बंद. कुणी कुणाला काही विचारत नसे. मला ते आवडायचं. आमच्या घरात एक वस्तू जागेवर सापडत नसे, आणि कंपनीत पाना असो की कंदील, ज्याचा त्याचा खिळा ठरलेला.

ऊस नेण्यासाठी कंपनीनं लहान रूळ टाकले होते. इंजिनं दोन, रूळ एकच. आमच्या नाक्यापासून कारखान्यापर्यंत मधे कुठं गाडीला बाजूला व्हायला जागा नव्हती. वडील त्या नाक्यावर सांधेवाले होते, रुळाचा सांधा फिरवून गाडी सोडायचं काम त्यांचं. त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही. पहिल्या वर्षी गाड्या अंदाजानं सोडत. मग एकदा वळणावर दोन इंजिनं समोरासमोर आली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस होता, कुणालाच काही दिसलं नाही. एका इंजिनावरचा कोळसा टाकणारा आगवाला मेला. त्याला खालून काढणाऱ्यांत तात्या होते. पुढं कितीतरी दिवस ते भाकरीला बसायच्या आधी हात दोनदा धुवायचे. घोंगडीखालून त्या माणसाचं एक पाऊल बाहेर आलेलं मी पाहिलं होतं.

त्यानंतर कंपनीनं बिल्ला केला. तळहाताएवढी पितळी चकती, मधे भोक. त्या सहा मैलांसाठी बिल्ला एकच. ज्याच्याकडे बिल्ला तोच रुळावर जाणार. गाडी आमच्याकडून निघाली की ड्रायव्हर बिल्ला घेऊन जाई आणि कारखान्याच्या टोकाच्या सांधेवाल्याकडे देई. तिकडून निघणारा तो घेऊन येई आणि तात्यांच्या हातात देई, आणि तात्या तो खिळ्याला अडकवत. बिल्ला आपल्या खिळ्याला असला तर रूळ मोकळा. नसला तर समोरून कोण कधी येईल सांगता येत नाही. कुणालाही कळेल इतकं ते सोपं होतं, आणि बिल्ला आल्यापासून एकही गाडी आपटली नव्हती.

बिल्ल्याबरोबर एक पाटीही आली. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत सात नियम. ती तात्यांच्या झोपडीच्या दारावर ठोकली होती. तात्यांना वाचता येत नव्हतं. मी इंदापूरला मामाकडे राहून शिकत होते, चौथीत होते. सुट्टीला आले की ते मला पाटीसमोर उभं करत आणि सगळे नियम वाचायला लावत. त्यांना ते तोंडपाठ होते. तरी ते हात मागं बांधून ऐकत, आणि सातवा झाला की मान हलवत. पाटीवर रोज हात फिरवून ते तिची धूळ पुसायचे.

त्या दिवशी खंडेनवमी होती, आणि दसऱ्याच्या सुट्टीला मी घरी आले होते. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा करतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, पाभर. एकदा पूजेत मांडलं की आरती झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कारखान्याच्या फिटरखान्यातही मोठी पूजा असे. कंपनीनं दिवसभराची सुट्टी दिली नव्हती, तिथं सकाळी पूजा आणि मग लगेच काम असं ठरलं होतं. आमच्या सेक्शनचा ओव्हरसियर पूजेसाठी सकाळीच निघाला. तो ढकलगाडीनं जायचा, म्हणजे चार चाकांवर फळी, वर साहेबाची खुर्ची आणि मागून ढकलणारे दोघं. ढकलगाडी रुळावर जाते म्हणून तिलाही बिल्ला लागे. तात्यांनी बिल्ला दिला. साहेब उतरला की ढकलणारे दोघं बिल्ला घेऊन माघारी येत, आणि मग आमच्याकडे रात्रभर थांबलेलं इंजिन कारखान्याला जाई. हे नेहमीचंच होतं. ड्रायव्हरनं इंजिनाला झेंडूचा हार घातला होता आणि वाफ करून बसला होता.

ढकलणारे आले नाहीत.

आईच्या पोटात पहाटेच दुखायला लागलं होतं. ऊन वर येता येता मूल झालं, मग बाकीचं सगळं. बैलगाडी जुंपून नेण्यात अर्थ नव्हता. दोन दिवस पाऊस पडला होता, काळ्या रानातून चाक निघालं नसतं आणि ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. ओढ्यावर पूल होता तो फक्त रुळाचा. म्हणून म्हातारीनं आणि पाटकऱ्यांच्या बायकांनी आईला चादरीत धरून आणलं आणि डब्यात ठेवलं. सगळ्यांना वाटलं, इंजिन उभंच आहे, आता निघेल.

म्हातारी आधी तात्यांशी नीट बोलली. मग तिचा तोल सुटला. ती ड्रायव्हरकडे वळली.

"एवढा हार घातलायस त्येला. चालायला काय धाड भरलीय?"

ड्रायव्हर म्हणाला, "मला म्हनू नगा आज्जी. तात्यानी हिरवा बावटा दावला तर मी आत्ता निगतो."

"तू दावतोस का न्हाय रं?" म्हातारीनं तात्यांना विचारलं. "बायकू हाय तुजी."

तात्या म्हणाले, "समोरनं दुसरं इंजान निगालं आसंल तर? हिच्यासकट समदी मरत्याली."

हे खरं होतं. दुसरं इंजिन कारखान्यात होतं, बिल्लाही तिकडेच होता. ढकलणारे आले नव्हते त्या अर्थी बिल्ला दुसऱ्या इंजिनाला दिला असणार, ते कुठल्याही क्षणी वळणातून येईल, असंच कुणाच्याही मनात येणार. फोन होता तो कारखान्यात आणि मोठ्या साहेबाच्या बंगल्यात. आमच्याकडे विचारायची सोयच नव्हती. ऐकायची होती. तात्या रुळावर गुडघे टेकून वाकले आणि रुळाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. आईचं रक्त त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडत होतं.

ड्रायव्हरलाच मग सुचलं. तो खाली उतरला आणि म्हणाला, "पाटीवर आजाऱ्याचं कायतरी लिवल्यालं आसंल की. साहेब लोक आसं सोडत न्हाईत. पोरीला वाचू द्या."

त्यालाही वाचता येत नव्हतं. म्हातारीला नव्हतं, त्या बायकांना नव्हतं. तिथं वाचता येणारी मी एकटी होते.

सगळे पाटीसमोर आले. तात्याही आले. सातही नियम त्यांना पाठ होते, तरी ते आले, आणि नेहमीसारखे हात मागं बांधून उभे राहिले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारी माझ्या समोर येऊन उभी राहिली. पोराला एका हातात धरून तिनं दुसऱ्या हातानं माझी हनुवटी वर केली.

"नीट बग गं बाय," ती म्हणाली. "आजाऱ्याचं आसंल. नीट बग आन् मंग वाच."

लहान पोरांना काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. मला कळलं. ती मला सांगत होती की नसलं तरी वाच. आणि तात्यांनी ऐकलं असतं. त्यांना पाठ होतं, पण पाटीवर जे आहे ते मला दिसतं आणि त्यांना दिसत नाही, हे ते मानत होते. आपण एखादी ओळ विसरलो असू असं ते त्या दिवशी मानायला तयार होते. माझ्या खांद्यावरच्या हातावरून मला ते कळत होतं.

मी पहिल्यापासून वाचायला लागले. सांध्याची कांडी केव्हा फिरवावी. डबे कसे जोडावेत. दारू पिऊन कामावर येऊ नये. नाका सोडून जाऊ नये. पाचवा नियम होता, बिल्ल्याशिवाय गाडी अगर कोणतेही वाहन रुळावर सोडू नये. सहावा, बिल्ला मिळाल्याची खातरी स्वतः करावी. सातवा, वरील नियम मोडणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. प्रत्येक नियमानंतर मी थांबत होते, आणि थांबले की म्हातारी माझ्याकडे बघत होती. सातवा झाल्यावर पाटीचा काळा पत्रा उरला. मी तिथं एक ओळ वाचू शकले असते. मला घोंगडीखालचं ते पाऊल आठवलं. समोरून गाडी आली तर ती माझ्या वाचण्यामुळं आपटेल, हेही डोक्यात होतं. मास्तर न लिहिलेलं वाचल्यावर छडी मारायचे, तेही असेल. मी म्हणाले, "संपलं."

तात्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

डबा माणसांनी ढकलत न्यावा असं कुणीतरी म्हणालं. पण तेही वाहनच, समोरून इंजिन आलं तर डबा उचलून बाजूला ठेवता येत नाही. शेवटी घरातली बाज आणली. बाजेला नियम नव्हता. गाडी आली तर चार माणसं बाज घेऊन उसात शिरू शकतात. माणसं गोळा करण्यात आणखी वेळ गेला, पाटकरी रानात लांब लांब पांगले होते. ड्रायव्हरला बॉयलर सोडता येत नव्हता. तात्यांना चौथ्या नियमाप्रमाणे नाका सोडता येत नव्हता. त्यांनी आईला डब्यातून उचलून बाजेवर ठेवलं, तिच्या अंगावर आपलं दुसरं धोतर पांघरलं आणि सांध्यापाशी जाऊन उभे राहिले. आई शुद्धीवर होती. ती म्हणाली, "पोराला दूद पाजलं का कुनी?" 

चौघांनी बाज उचलली. मागं पोराला घेऊन म्हातारी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी. रुळामधल्या लाकडी पट्ट्या माणसाच्या पावलाच्या मापाच्या नसतात. एक पाऊल लहान पडतं, दोन मोठी होतात. माणसं अडखळत होती आणि बाज हलत होती. दर थोड्या वेळानं माणसं बदलायची सोय नव्हती, कारण पाचवा माणूसच नव्हता. पुलावर पट्ट्यांमधून खालचं पाणी दिसे. तिथं ते एकेक पट्टी बघून चालले आणि फार वेळ लागला. पुलाच्या पलीकडे मी आईला पाणी पाजलं. तिनं एक घोट घेतला.

वळणावर पोचलो. तिथं सगळे थांबले आणि कान देऊन ऐकलं. काही येत नव्हतं. वळणाच्या पुढं मी परत तांब्या लावला तेव्हा पाणी गालावरून खाली गेलं. म्हातारीनं वाकून बघितलं, आईच्या नाकापुढं हात धरला, आणि पदर तिच्या तोंडावरून सारखा केला.

"चला, चला, पाय उचला," ती माणसांना म्हणाली.

ती कुणालाच काही बोलली नाही. सांगितलं असतं तर त्या माणसांनी तिथंच बाज टेकवली असती, त्यांचे खांदे सोलले होते. 

समोरून एकही गाडी आली नाही. त्या दिवशी साहेबाच्या ढकलगाडीनंतर त्या रुळावर एकही गाडी निघाली नव्हती.

कारखान्याच्या फाटकातून आत गेलं की उजवीकडे फिटरखाना. आम्ही पोचलो तेव्हा तिथं आरती चालली होती. पाटांवर हातोडे, पाने, तेलाच्या बुधल्या ओळीनं मांडल्या होत्या, वर झेंडूची फुलं. पुढच्या पाटावर मधोमध आमचा बिल्ला होता. त्याला हळदकुंकू लावलं होतं. ढकलणाऱ्यांनी सकाळी तो तिकडच्या सांधेवाल्याकडे दिला आणि ते पूजेच्या तयारीला मदत करत बसले. सांधेवाल्याचं हत्यार म्हणजे बिल्लाच, दुसरं काय, म्हणून त्यानं तो पूजेत ठेवला. आरती लगेचच होणार होती. पण मोठे साहेब बारामती स्टेशनावरून मोटारीनं येणार होते आणि त्यांच्या हातून आरती व्हायची होती. मोटार चिखलात अडकली. साहेब येईपर्यंत आरती थांबली, आणि आरती होईपर्यंत मांडलेल्या हत्याराला कुणी हात लावणार नव्हतं. मुद्दाम कुणी काही केलं नाही. त्यांना वाटलं, सणाचा दिवस आहे, इंजिन तासाभरानं आलं तर काय बिघडतं.

डॉक्टरनं आईचा हात धरला आणि लगेच सोडला. मग पोराला बघितलं. पोर बरं होतं.

परत जाताना बिल्ला होता. आईला ढकलगाडीवर साहेबाच्या खुर्चीच्या जागी फळीवर ठेवलं, म्हातारी आणि मी कडेला बसलो. ढकलणारे दोघं धावत होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर नाका आला. तात्या सकाळच्याच जागेवर उभे होते. त्यांनी आधी हात पुढं करून बिल्ला घेतला. झोपडीत जाऊन तो खिळ्याला अडकवला, सांधा फिरवला, आणि मग आईकडे आले. बिल्ल्याचं कुंकू त्यांच्या हाताला लागलं होतं.

कंपनीनं चौकशी केली. कागदावर सगळं लिहून घेतलं, आणि तीत कुणाचीच चूक निघाली नाही. तात्यांनी नियम पाळला होता, ड्रायव्हरनं पाळला होता. पूजेबद्दल नियमच नव्हता. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक रंगारी आला आणि पाटीवर उरलेल्या काळ्या जागेत आठवा नियम रंगवून गेला. मी इंदापूरहून आले तेव्हा तात्यांनी मला तिथं उभं केलं. मी वाचलं. आजारी अगर जखमी मनुष्यास नेणे असल्यास बिल्ल्याशिवाय गाडी सोडण्यास हरकत नाही, मात्र पुलावर व वळणावर लाल बावटा घेऊन मनुष्य पुढे चालवावा.

लाल बावटा त्या दिवशीही झोपडीत होता, दाराच्या मागं, आपल्या खिळ्याला. लाल बावटा गाडी थांबवायला असतो असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो घेऊन गाडीच्या पुढं चालता येतं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. तात्यांनाही नाही, आणि ते तर रोज तो हातात धरत होते.

तात्यांनी मला तो नियम परत वाचायला लावला. मग विचारलं, "तवा ह्ये न्हवतं ना गं?"

"न्हवतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढं ते असेपर्यंत मी पाटी वाचायची, आणि आठव्या नियमानंतर त्यांनी तेच विचारायचं, आणि मी तेच सांगायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. आई नव्हती, तोवर पोराला म्हातारीनं सांभाळलं होतं, पण आता तिच्यानं होत नव्हतं. मग सुट्टी अशी राहिली नाही, तेव्हा ते कधीही विचारत.

पाटकरी आणि त्यांच्या बायका सोडल्या तर त्या दिवशी आम्ही सहा जण होतो. आई गेली. म्हातारी चार वर्षांनी गेली, ड्रायव्हर बदली होऊन गेला आणि कुठं वारला ते कळलं नाही. तात्या म्हातारे होऊन घरीच वारले. पोराला मी शेळीच्या दुधावर वाढवलं. तो आहे, आणि मी आहे.